वृंदा नावाची होडी

फोन आला तेव्हा मी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी हातात घेऊन टोकियोजवळच्या ग्योतोकुमध्ये आमच्या इमारतीखाली उभी होते. क्योतोच्या हॉस्पिटलमधली नर्स अतिशय नम्र, सावकाश जपानीत बोलत होती. मला समजायला सोपं जावं म्हणून असेल. पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी वृंदा गेली होती. जवळ कोणी नव्हतं. नातेवाईक म्हणून कागदावर माझंच नाव होतं, म्हणून मला फोन. मी "हाय, हाय" असा जपानी होकार देत राहिले, पिशवी कचऱ्यावरच्या जाळीखाली नीट ठेवली, वर आले आणि मुलीचा डबा भरला. रडू आलं ते क्योतोला जाणाऱ्या शिनकान्सेन गाडीमध्ये, आणि तेही वृंदासाठी आलं की स्वतःच्या चुकीसाठी, हे सात आठवड्यांनंतरही मला नीट सांगता येत नाही.

आमची ओळख क्योतोतली. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला आले, तेव्हा ती वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहत होती. मी पुण्याची, ती मालवणच्या बाजूच्या एका मच्छीमार वाडीतली. तिचा विषय ऐकून मी हसले होते. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या होड्या आणि त्यांची नावं! "यासाठी कोणी शिष्यवृत्ती देतं?" मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "देतात. मी घेतलीय." मग तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर होडी काढून दाखवली. एक अरुंद लांब होडी, तिच्यापासून दोन आडवे दांडे बाहेर काढलेले आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर टेकलेलं एक लाकूड. "हे लाकूड होडीला कलंडू देत नाही. तिकडे बऱ्याच बेटांवर त्याला आमा म्हणतात. आमच्याकडे उलांडी. माझे बाबा अशीच होडी चालवतात." लांबच्या प्रवासाला दोन होड्या शेजारी शेजारी बांधलेली जोडहोडी, किनाऱ्याजवळच्या मासेमारीला उलांडीची एकेरी, लढाईला पन्नास-साठ माणसं वल्हवतील अशी लांबलचक... वाका, वाआ, वागा असा होडीसाठीचा एकच शब्द बेटागणिक कसा बदलत जातो, हे ती भाजी चिरता चिरता सांगायची. नावांवर आली की मात्र सुरी खाली ठेवायची. कुठे होडीला पूर्वजाचं नाव, कुठे ताऱ्याचं, कुठे स्वप्नात आलेलं. आणि काही नावं दुःखाची. कोणी मेलं तर ते मरण विसरलं जाऊ नये म्हणून त्याचं नाव होडीला द्यायचं. कोणी अपमान केला तर तो अपमानच होडीवर मिरवायचा. "आणि जिवंत माणसाचं नाव दिलं तर?" मी सहज विचारलं होतं. "तेही देतात," ती म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

भूकंप झाला त्या मार्चमध्ये आमच्या ओळखीतली बरीच मंडळी मिळेल त्या विमानाने घरी गेली. मीही गेले आणि दोन महिन्यांनी परतले. वृंदा गेली नाही. तिला कोणी परत बोलावलंही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या उन्हाळ्यात ती विद्यापीठातल्या स्वयंसेवकांबरोबर ईशान्येच्या किनाऱ्यावर त्सुनामीचा गाळ उपसायला गेली. परत आली ती बोलेचना. सायकल लावायची, खोलीत जायची, दार लावून घ्यायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मंजू, ऐक. मध्ये बोलू नकोस."

तिकडे एका छोट्या बंदरात तिला सुगावारा-सान नावाचा म्हातारा मच्छीमार भेटला होता. ज्या घराचा गाळ ती काढत होती ते त्याचंच. त्याच्या बोटीला त्याच्या मुलीचं, हारुएचं नाव होतं; बोटीच्या नावामागे इथे मारू लावतात, म्हणून हारुए मारू. जमीन हादरली तेव्हा तो धक्क्यावर होता. लाट यायच्या आत बोट खोल समुद्रात नेली तर ती वाचते, हे तिथल्या प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक असतं. त्याने बोट काढली आणि लाटेला सामोरा गेला. बोट वाचली. घरात त्याची मुलगी आजारी आईला उचलायचा प्रयत्न करत होती. त्या दोघी गेल्या. आता बंदरात जेमतेम चार-पाच बोटी उरल्या होत्या आणि त्यातली एक हारुए. शेजारीपाजारी सांगायचे, नाव बदला, बघवत नाही. वृंदानेही विचारलं, बदलणार का? म्हातारा म्हणाला, "नावाने काही केलेलं नाही. घराकडे वळायचं की धक्क्याकडे, हे मी ठरवलं. नाव बदललं की ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलं असं वाटायला लागेल."

 मग, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशा आवाजात, वृंदाने आपलं सांगितलं. तिच्या जन्माच्या वर्षी वडिलांनी नवी होडी घेतली आणि तिला मुलीचं नाव दिलं. वाडीत दोन वृंदा झाल्या. वृंदा आली का, वृंदेला रंग द्यायला हवा, असं बोललं की लोक हसायचे. वृंदा एकोणीस वर्षांची असताना, श्रावण सरत आला होता, समुद्र अजून निवळला नव्हता. तिचा सोळा वर्षांचा भाऊ जाळं सोडवायला एकटाच होडी घेऊन गेला. उलांडीची बांधणी सुटली. होडी दुसऱ्या दिवशी सापडली, तो तिसऱ्या दिवशी. किनाऱ्यावर सगळी वाडी जमली होती, आणि आई वाळूत बसून ओरडली, "वृंदान खाल्ल्यान माझ्या झिलाक!"

"ती होडीला म्हणाली असेल," मी न राहवून म्हटलं.

"असेल. पण मी तिथेच उभी होते गं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांनीसुद्धा."

कोणी खुलासा केला नाही. तुळशीच्या लग्नाच्या आत तिला मुंबईला मावशीकडे पाठवलं गेलं. चार वर्षांनी आई गेली, तेव्हा तिला कळवलं ते दहाव्या दिवशी. शिक्षण, शिष्यवृत्ती, क्योतो... ती पुढे पुढे जात राहिली. त्या रात्री मला उमगलं की ही बाई प्रशांत महासागरभर काय शोधत फिरतेय. संशोधनाच्या नोंदी आणि चित्रं ती कार्डांवर काढायची; त्या कार्डांचा एक वेगळा गठ्ठा होता. ज्या होडीने माणूस घेतला, त्या होडीच्या नावाचं लोक पुढे काय करतात, एवढ्याच नोंदी त्यात होत्या.

माझं लग्न झालं, ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली, मी ग्योतोकुला आले. ती क्योतोतच संशोधक म्हणून राहिली. वर्षातून दोनदा भेट व्हायची. माझी मुलगी तिला 'वृंदा-चान' म्हणायची आणि ती माझ्या मुलीशी हट्टाने मालवणीत बोलायची; मुलगी जपानीत उत्तर द्यायची. दोघींना सगळं कळायचं. मागच्या पावसाळ्यात तिला पोटदुखी सुरू झाली. तपासण्या झाल्या तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा तिने माझा हात धरून एकच गोष्ट मागितली. "बाबांना कळवायचं नाही. मला त्यांच्याकडून काही ऐकायचं नाहीये." मी बरं म्हटलं. तीन आठवडे मी शब्द पाळला. मग एका दुपारी तिला गुंगीत "बाबा, होडी ओढून घेवा" असं म्हणताना ऐकलं आणि बाहेर येऊन मालवणला फोन लावला. तीन आठवडे! वडिलांकडे पासपोर्ट नव्हता. वृंदाच्या मावसभावाने धावपळ करून तो काढला, व्हिसा मिळवला. ते पोहोचले तेव्हा वृंदाला जाऊन दोन दिवस झाले होते. मी पहिल्याच दिवशी फोन केला असता तर... हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

स्मशानात इथे दहनानंतर घरची माणसं लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. दोघांनी मिळून एकच अस्थी उचलायची. काका, म्हणजे तिचे वडील, पांढऱ्या सदऱ्यावर माझ्या नवऱ्याचा कोट घालून उभे होते. त्यांच्या हातून काडी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि हातानेच अस्थी उचलली. तिथला कर्मचारी पुढे सरकला, थबकला आणि मान खाली घालून मागे गेला.

त्या संध्याकाळी तिच्या खोलीत मी त्यांना कार्डं दाखवली. वाचता येत नसलं तरी चित्रं ते बराच वेळ बघत होते. अंगठा उलांडीच्या बांधणीवर फिरवत राहिले. मी धीर करून विचारलं, "काका, काकू तेव्हा होडीला म्हणाल्या होत्या ना?"

त्यांनी वर बघितलं नाही. "ता माका अजून कळूक नाय, बाय. मिया तिका कधी इचारूक नाय. लोक बोलत ऱ्हवले, मिया गप ऱ्हवलंय. बांधणी माझी होती. जुना सुंभ होता, बदलूक होया, ता माका म्हायत होता." मग कार्ड खाली ठेवत, "दोष पोरयेर गेलो ता बरा वाटला तेव्हा. माझ्यार येवक नाय."

मी त्यांना माफही करू शकले नाही आणि रागावूही शकले नाही. चहा केला. ते पिऊन ते भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले.

ते कलश घेऊन गेले. कार्डं तिच्या प्राध्यापकांकडे आहेत. प्रबंधाचं काय होईल ते माहीत नाही. बहुधा काही होणार नाही. पण दर रविवारी, इकडचं जेवण होऊन भांडी घासायला घेतली की काकांचा फोन येतो. वृंदाचा विषय निघत नाही. आज बांगडो गावूक नाय, दर्याक जोर आसा, गुडघो दुखता, एवढंच. मी नुसतं "हं" म्हणते. बोलणं संपतं तरी फोन काही क्षण चालूच राहतो, त्यांच्या मागे समुद्र ऐकू येतो. मागच्या रविवारी तो तसा चालू असताना ते म्हणाले, "वृंदा, ठेवतंय गो."

मी नाव दुरुस्त केलं नाही. "ठेवा, बाबा," म्हटलं.