एका शब्दाची हाळी

संध्याकाळच्या उन्हात तळ्याचं पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसायचं, आणि त्याच्या काठाला तीन-चार कळपांची मेंढरं एकमेकांत मिसळून पाणी प्यायची. आटपाडीच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं पाणी एक आणि पिणारे पुष्कळ. काळी-पांढरी लोकर, उडालेली धूळ, ओल्या केसांचा उग्र वास, सगळं एक झालेलं. पाहुण्याला वाटावं, आता ही कोण आणि कशी वेगळी करणार? मग आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून एकच हाळी द्यायचे. शब्द म्हणावा तर शब्द नव्हता, गाणं म्हणावं तर गाणं नव्हतं. पण त्या आवाजासरशी त्या गर्दीतून आमची तेवढी मेंढरं माना उचलून बाहेर यायची, ताकातून लोणी वर यावं तशी. बाकीची पीत राहायची. त्यांच्यासाठी तो आवाज नव्हताच!

हे आठवावं कुठं, तर संगणकासमोर! तासगावच्या वाटेवर एक कोल्ड स्टोरेज आहे, त्याच्या खिडकीशी मी बसते. शेतकऱ्याने ठेवलेला बेदाणा कोणत्या खोलीत, कोणत्या रांगेत आहे ते पडद्यावर पाहायचं आणि त्याला चिठ्ठी द्यायची, एवढंच माझं काम. त्याआधी मी निवडीच्या टेबलावर होते. गंधकाच्या धुरीने तिथं डोळे चुरचुरत आणि बोटं दिवसभर एकमेकांना चिकटत. खिडकीतली खुर्ची मिळाली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपल्यालाही पाठ टेकायची जागा आहे.

माझी शाळा चौथीपर्यंतची. मराठी वाचते, पण इंग्रजीतली अक्षरं पाचच ओळखते, त्यातलं एक दोनदा लागतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, जिथं पत्ता लिहितात तिथं, त्या अक्षरांनी ‘बेदाणा’ एवढा एक शब्द टाकायचा आणि बटण दाबायचं, की कंपनीची आतली साईट उघडते. ती बाहेरच्या जगाला दिसत नाही. आमच्या कंपनीच्या इमारतींतले संगणक आपसांत जोडले आहेत, त्या जोडणीतच ती राहते. घरातल्या देव्हाऱ्यासारखी. खिडकीतल्या संगणकावर काही जपून ठेवता येत नाही, सांजेला बंद केला की सकाळी पुन्हा कोरा. म्हणून आत ऑफिसात बसणारे आपल्या संगणकात जपून ठेवलेल्या खुणेवर बोट ठेवून साईटवर जातात आणि मी रोज नव्याने हाक मारते.

मध्यंतरी सगळ्या संगणकांत नवा ब्राउझर आला. सकाळी शब्द टाकला आणि आतली साईट उघडण्याऐवजी सारं जग समोर आलं. भिजवलेल्या बेदाण्याचे फायदे, कुठल्या दूरच्या बाजाराचे भाव, चांदीच्या वाटीतली खीर! खिडकीतून वाकलेल्या जतकडच्या एका शेतकऱ्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, “आवं मावशी, माझा माल खिरीत घातला व्हय?” मागची रांग खो खो हसली. मीही हसले, पण कान तापले.

आमच्याकडच्या बायकांचं एक आहे. भाकरी करपली तर तवा वाईट, असं आम्ही कधी म्हणत नाही, आपलाच हात चुकला म्हणतो. मलाही तेच वाटलं. एखादं अक्षर निसटलं असेल म्हणून तोच शब्द मी पुन्हा टाकला, मग आणखी सावकाश टाकला. दर वेळी खीर! आणि दर वेळी पडद्याच्या वरच्या बाजूला इंग्रजीत एक बारीक ओळ यायची. ती जाहिरात असेल असं समजून मी फुली दाबून घालवायचे. कुणाला सांगितलं नाही. आपलं बोट चुकतं हे काय सांगायचं?

शेवटी रांग लांबली तेव्हा मॅनेजर साहेबांनी पुठ्ठ्यावर पूर्ण पत्ता लिहून समोर चिकटवला. त्यात तिरक्या रेघा, ठिपके आणि माझ्या ओळखीबाहेरची कितीतरी अक्षरं होती. एकेक आकार मी पुठ्ठ्यावर पाहायचे, मग बटणांत शोधायचे, तोवर पुठ्ठ्यावरची जागा हरवायची. “मावशी, दळन दळताय का?” रांगेतून आवाज यायचा. साहेब वाईट माणूस नाहीत. पण एका दुपारी जवळ येऊन म्हणाले, “मावशी, असं किती दिस चालायचं? सोमवारपास्नं तुमी निवडीवरच जावा. हितं दुसरं कुनीतरी बघू.” मी मान हलवली. दुसरं काय करता येतं मला?

त्याच आठवड्यात सांगलीच्या मुख्य ऑफिसातून प्रदीप सर आले. सगळ्या शाखांचे संगणक तेच बघतात. आले होते दुसऱ्याच कामाला, पण खिडकीशी साहेबांनी विषय काढला. सर म्हणाले, “नुसता शब्द टाकला की आता बाहेर शोधायला जातं. पण हल्ली नुसता शब्द टाकतंय कोण?”

“कोन न्हाई,” साहेब म्हणाले.

मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. सोमवार दोन दिवसांवर होता. बोलावं की गप्प बसावं? माझ्या गप्प बसण्याने आजवर कुणाचं अडलं नव्हतं, माझं तेवढं अडलं होतं.

“मी टाकते.” आवाज इतका बारीक निघाला की सर म्हणाले, “काय म्हणालात?” मग मी तेच पुन्हा म्हणाले, आणि शब्द टाकून दाखवला. खीर आली. ती बारीक ओळही आली. माझं बोट सवयीने फुलीकडे गेलं, तसं सरांनी थांबवलं.

“ही रोज येते?”

“येते. मी घालवते.”

“अहो मावशी, ती तुम्हाला विचारतेय, आपल्या आतल्या साईटवर जायचं होतं का?”

ब्राउझरला एक नियम घालता येतो, म्हणाले. एकटा शब्द आला की आधी घरात बघ, असा. साहेबांनी शंका काढली, “मंग बाजारातला भाव बघायचा आसंल तर?” सर हसले. “दोन शब्द टाका साहेब. बेदाणा भाव. एकटा शब्द घरचा, जोडीचा बाहेरचा.” साहेब पुठ्ठा काढून खिशात घालत म्हणाले, “मावशी, आधी बोलायचं की वं!” सोमवारी सकाळी मी शब्द टाकला. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि आमच्या खोल्या, आमच्या रांगा समोर आल्या. मी त्याच खुर्चीत आहे.

एकटा शब्द घरचा, हे किती खरं आहे! माहेरच्या वेशीत मी अजून नुसती सुंदरा आहे. कुणाची, कुठली, असं कुणी विचारत नाही. बँकेत जावं तर नावापुढे नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव जोडल्याशिवाय मी कुणीच नसते. घर म्हणजे तरी दुसरं काय? जिथं आपली अर्धी हाकही पुरी होते, ते.

पण माझं मन अडकलंय ते त्या बारीक ओळीपाशी. आबांचे गुडघे गेल्यावर कळप माझ्या भावाने घेतला. त्याची हाळी वेगळी. कोकरं पटकन शिकली, पण एक म्हातारी मेंढी शिकली नाही. तो हाळी द्यायचा, सगळी निघायची, आणि ही पाण्याच्या कडेला मान वर करून उभी राहायची. पाणी प्यायची नाही, जागची हलायचीही नाही. “लय हट्टी हाय ही,” म्हणत भाऊ ढेकूळ मारायचा, मग ती चालू लागायची. आम्हाला सगळ्यांनाच ती हट्टी वाटली. आता वाटतं, त्या ओळीसारखी तीही विचारत होती, ही हाक मलाच का? उन्हाने तांबड्या झालेल्या त्या पाण्याशी उभी राहून, रोज.