आगाऊ आणि आळशी

नर्सरीचा मालक तिचा भाचा, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणत. तीस वर्षं तिनं प्लमची कलमं बांधली. जपानी प्लमला ती आगाऊ म्हणे, कारण थंडी सरायच्या आत तो फुलून बसतो. युरोपी प्लम आळशी. थंडी गेल्याची खात्री पटल्याशिवाय डोळा उघडत नाही. भावकी एकच, पण एकाचे परागकण दुसऱ्याला चालत नाहीत. आत्याच्या दोन जावांचं असंच होतं. भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं.

ओळख पटावी म्हणून ती झाडाला तार बांधायची. आगाऊला एक गाठ, आळशाला दोन. यंदा भाच्यानं तारा काढून छापील चिठ्ठ्या लावल्या. पहिल्याच पाण्याला शाई धुऊन गेली आणि कुंड्यांतली बारा मोठी झाडं बिनपानांची, बिननावाची उभी राहिली. गिऱ्हाईक पंधरवड्यानं येणार होतं.

आत्यानं फांद्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या. मोतीबिंदूपुढे तिचं काही चालेना. भाच्याला निमित्तच मिळालं. यंदा ओळखता आलं नाही, तर तिनं आता घरी बसावं, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

आत्यानं चौदा काटक्या कापल्या, चौदा कपांत पाणी घातलं आणि सगळे कप झाडांच्याच क्रमानं त्याच्या टेबलावर, हीटरच्या बाजूला मांडले. भाचा दहा दिवस मांडीवर फायली घेऊन बसला. कप हलवायची त्याची छाती झाली नाही.

अकराव्या दिवशी आठ कप पांढरे झाले, एकेका कळीतून तीन-तीन फुलं. उरलेले सहा ठार झोपलेले. आत्यानं भराभर तारा बांधल्या.

भाच्यानं कप मोजले. झाडं तर बाराच होती.

"हे दोन तुझ्या फाटकाजवळच्या जोडीचे," आत्या म्हणाली. "एक उठलाय, एक घोरतोय. फळ धरत नाही म्हणून सहा वर्षं मधमाश्यांना शिव्या घालतोयस. त्या बिचाऱ्यांनी काय करायचं?"

ती जोडी त्यानं स्वतः निवडली होती, आत्याला न विचारता. घरी बसायचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तो फाटकाजवळ तार बांधताना दिसला.

"सैल बांध रे," आत्या आतून म्हणाली. "झाडाला अजून वाढायचंय. ते काही तुझ्यासारखं नाही."