मेंढ्यांची शीळ

ऊन सकाळीच चटकू लागलं होतं. रुपालीनं जाळीच्या वाघरीतून मेंढ्या बाहेर काढल्या. रेल्वेच्या बास्केटबॉल संघातली ही खेळाडू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गावी आली होती. सोमवारी सोलापुरात पुन्हा निवड चाचणी होती.

"आता बास की गं," आई गोजाबाई म्हणाली. "गुडगा पुन्यांदा गेला म्हंजे?"

"पयल्या चाचणीचं इसरलीस? पास मागायला मी मेंढ्यांची शीळ घातली. पंचाची शिट्टी समजून समदा खेळ थांबला. हसत हसत बाहेर काढलं मला."

"मेंढरंच म्हणायची ती!"

"पुढल्या साली तोंड मिटून खेळले, तवा घेतलंच की. सोमवारी बी जाणार."

तेवढ्यात एक कोकरू शेजारच्या मक्यात शिरलं. रुपालीनं शीळ घातली आणि पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर भार देत त्याला वळवायला निघाली.