शालननं न पेटवलेली शेकोटी

शालन गेल्याचा फोन तिच्या मुलीचा आला. तो ठेवते न ठेवते तोच मोबाइलवर मजकूर येऊन पडला, ‘सड्यावर शेकोटी पेटवणाऱ्या महिलेचा वणव्यात अंत.’ खाली हात जोडलेली चित्रं आणि दोन-चार शहाण्यांचे उपदेश... डोंगरात जबाबदारीनं वागावं म्हणे. काही आठवडे उलटले, पण माझा संताप अजून उतरलेला नाही.

शालनचं कोल्हापुरात, राजारामपुरीत औषधांचं दुकान होतं. आठवडाभर काउंटरमागे उभी राहायची आणि सुट्टी आली की आम्हा मैत्रिणींना घेऊन गगनबावड्याकडच्या डोंगरात. थंडीत सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर मुक्काम केला की शेकोटी तिची. कुणी हिरव्या फांदीला हात घातला तर ओरडायची, “खाली पडल्यालं लाकूड दिसत न्हाय व्हय तुला?” आधी गवत मुळापासून काढून माती उघडी करायची, भोवती दगड मांडायचे, मधे वाळक्या काटक्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, हवेला वाट ठेवून. जाड लाकूड अगदी शेवटी. एकदा मी घाईनं ओंडकेच रचले आणि नुसता धूर झाला, तेव्हा म्हणाली, “रांगत्या पोराला भाकरी चारतीस व्हय?” जाळ कधी मोठा होऊ दिला नाही तिनं. मोठ्या जाळापासनं माणसं लांब सरकत्यात, बारक्याला जवळ येत्यात, असं तिचं म्हणणं.

आणि होळी झाली की सड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही, हा तिचा नेम. मग चहा थर्मासमधला. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

घडलं ते असं. होळीनंतरच्या रविवारी ती सुनंदा आणि आणखी एका मैत्रिणीला घेऊन चढली. मी नात्यातल्या लग्नाला गेले होते. आदल्या दिवशी तिथं तंबू ठोकलेल्या पर्यटकांनी भर वाळल्या गवतात जाळ केला होता आणि निखारे तसेच टाकून गाड्या काढल्या होत्या. दुपारी वारा सुटला, गवत पेटलं. खालच्या अंगाला धनगरवाडा, गोठ्यांत बांधलेली जनावरं. शालननं हिरव्या डहाळ्या तोडल्या... आयुष्यात पहिल्यांदाच तोडल्या असतील. वाड्यातली माणसं धावत येईपर्यंत तिघी गवत झोडपत राहिल्या. आग वाड्याच्या वरच थांबली. शालन खाली बसली, पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभेत एक वक्ते हळहळत म्हणाले, “ताईंचा उत्साहच त्यांना भोवला.” मी ताडकन उठले, पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागून आवाज आला. धनगरवाड्यातल्या गौराबाई होत्या.

“पावणं, खाली बसा. आग लावली त्ये गेलं की गाडीत बसून. ही बाई आमची जनावरं वाचवताना मेली. आमी डोळ्यानं बघितलंय.”

वक्ते बसले. काहींनी तो मजकूर गुपचूप पुसून टाकला. चुकलं, असं मात्र एकानंही लिहिलं नाही. खोटं पसरवायला सगळे पुढे, आणि खरं सांगायला एक म्हातारी बस बदलत कोल्हापूरला यावी लागली...

गेल्या रविवारी सुनंदा आणि मी वर गेलो. उतार अजून काळाठिक्कर आहे. मधोमध त्या पर्यटकांनी मांडलेले दगड, शेजारी रिकाम्या बाटल्या. शालनची एक सवय होती. निघताना ती शेकोटीचे दगड गार झाल्याची खात्री करायची आणि एकेक उचलून इकडेतिकडे ठेवायची, काळी बाजू मातीकडे. माणूस बसून गेल्याची खूण मागं राहू नये म्हणून.

“हे राहू दे तसंच,” मी म्हणाले, “बघू देत लोकांना.”

पण सुनंदा तोवर वाकली होती. “शालननं ठेवलं नसतं,” एवढंच म्हणाली.

मग मीही वाकले. मनातल्या मनात शिव्या देत दगड उलटे करत राहिले. हात काळे झाले. जवळच झरा होता, पण कोल्हापूर येईपर्यंत मी ते धुतले नाहीत.