गाळलेली दोन पानं

वरकुट्याच्या बुद्धविहारात ग्रंथ वाचायचा मान अकरा वर्षं ताईबाईकडे होता. आषाढी पौर्णिमेला पहिलं पान उघडायचं, अश्विनी पौर्णिमेला शेवटचं मिटायचं. ताईबाई चौथी शिकलेली. वाचायची सावकाश, कुणी काही विचारलं की थांबायची. यंदा त्या थांबण्यापायी आठ दिवस उरले तरी ऐंशी पानं बाकी होती.

समितीचा सचिव धम्मदीप बारामतीत नोकरीला. सांगतेला पाहुणे बोलावून, पत्रिका वाटून तो मोकळा झाला होता. दुपारी ताईबाईच्या घरी येऊन त्याने शांतपणे सांगितलं, की ग्रंथ पुरा झाला नाही तर पुढच्या वर्षी त्याची बहीण अंजली वाचेल. ती एम.ए. झालेली, वाचायची सरसर. ताईबाई बरं म्हणाली. तो गेल्यावर त्याचा चहाचा कप ती कितीतरी वेळ धूत राहिली. नवरा गेल्यापासून तिचा सगळा दिवस संध्याकाळच्या वाचनाच्या त्या एका तासाकडे चालत जायचा.

संध्याकाळी पांढरी साडी नेसून ती विहारातल्या बैठकीवर बसली. भिक्खूंच्या नियमांचा भाग आला. त्यांनी काय जवळ ठेवावं, काय नाही, याची लांबलचक यादी. दरवर्षी या पानांवर बाया पेंगायच्या. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या गंगारामचे डोळे तर केव्हाच मिटलेले. धम्मदीप दारात उभा होता. ताईबाईने बोट ओलं केलं आणि दोन पानं एकदम उलटली. आवाजात फरक पडू दिला नाही.

पाचसहा ओळी झाल्या असतील.

"ताईबाई," गंगाराम डोळे न उघडताच म्हणाला, "सुई कुठं गेली?"

बाया हसल्या. "तात्या सपनात शिवाया बसलं जनू," कुशाबाई म्हणाली.

"सपान न्हाय. भिक्खूनं सुई जवळ ठिवावी, आसं येतं हितं. आजून आलं न्हाय." तो आता सरळ बसला होता. "चाळीस वर्सं लोणी भापकरच्या बाजारात फाटकं शिवलं म्या. सालातनं यकदाच येतं ते."

हसू थांबलं. धम्मदीप म्हणाला, "मावशी, वाचा पुढं. उशीर होतोय."

पानं चिकटली होती म्हणता आलं असतं. ताईबाईच्या जिभेवर ते आलंही होतं. मांडीवरचा ग्रंथ एकाएकी जड झाला.

"गाळली म्या दोन पानं," ती म्हणाली. "मुद्दाम."

तिने पानं मागे उलटली आणि यादी पहिल्यापासून वाचली, एकेक वस्तू सुटी करून. सुई आली तेव्हा गंगारामने नुसती मान हलवली.

पौर्णिमेला सतरा पानं राहिली. पाहुण्यांसमोर धम्मदीपने पुढच्या वर्षासाठी अंजलीचं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या, त्यात ताईबाईच्याही होत्या. भोजनदानाच्या पंगती बसत असताना अंजली तिच्याजवळ आली. कुठलं पान कुणासाठी थांबून वाचायचं, ते सांगा म्हणाली.

"मला यकाचंच कळलंय बाई. त्यालाबी अकरा वर्सं गेली." ताईबाईने ग्रंथ तिच्या हातात दिला. "म्होरल्या साली पयल्या पानावरनं सुरू करशीलच. त्याच्या आदी ही सतरा वाच. कुनाचं तरी ऱ्हायलं आसंल त्यात."