सिंगापूरचा टोप

सत्यजीतनं सिंगापूरहून ते यंत्र आणलं, त्या मे महिन्यात धुरपदाच्या घरची चूल म्हणून विझली नाही.

तशी ती एरवीही फारशी विझत नसे. धुरपदा कासुर्डीच्या त्या घरात थोरली सून म्हणून आली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. माहेर शिरूरकडं, घोडनदीच्या काठाला. नवरा सर्जेराव आधी नुसता बागाईतदार होता, मग दूध सोसायटीचा चेअरमन झाला, मग पंचायतीतही शिरला. अशा माणसाच्या ओसरीवर उजाडल्यापासून माणसं येतात. कुणाचा विजेचा डीपी जळालेला, कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाला नुसताच वेळ जात नसतो. आणि आलेल्याला चहा पाजल्याशिवाय उठू द्यायचं नाही, ही सासूबाईंची, विठाबाईंची शिस्त. ओसरीवरून हाक यायची, "चहा टाका गं!" टाका म्हणजे कुणी, हे विचारायची वेळ कधी आली नाही. घरात चहा टाकणारी एकच होती.

सत्यजीत हा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो कडेवर बसायचा. तिच्याच हातचं खाऊन तो वाढला, शिकला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला सिंगापूरला धाडलं. तिकडून येताना भावासाठी घड्याळ, आईसाठी शाल, वहिनीसाठी पिठाच्या चाळणीसारखा कसलासा गाळणीचा डबा आणि स्वतःसाठी हा टोप त्यानं आणला.

टोप म्हणजे काळा, जड, शेणाच्या पाटीएवढा. डोळ्यांपुढं दोन इवलाले टीव्ही, कानांवर दोन गाद्या, मागून दाव्यासारखी लोंबणारी वायर, ती कॉम्प्युटरला जोडलेली. "हे घातलं की माणूस दुसऱ्या जागी जातो," सत्यजीत म्हणाला, "मान वळवली की तिकडचं दिसतं." नव्या मोटारसायकलीहून महाग आहे म्हटल्यावर सर्जेरावांनी तो आधी दोन हातांत तोलून पाहिला, मगच डोक्यात घातला. आत कसलीशी दरी होती आणि तिच्यावर अरुंद पूल. सर्जेराव खुर्चीतच ओरडले, "धरा! अरं, धरा मला!" टोप काढल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दारात.

शेजारचे इलाहीचाचा बसण्याआधी बाहेर चपला काढून आले होते, तरी आतला डोंगर दिसल्यावर त्यांनी पुन्हा पाय चाचपून बघितले, चपला पायात राहिल्या तर नाहीत ना म्हणून. उठल्यावर म्हणाले, "डोंगर हाय, पानी हाय, झाडं हायत. पन एक मानूस न्हाई. हितं ऱ्हायचं कुनी?" यवतच्या शाळेतल्या एक बाई आल्या आणि पुलावरच त्यांना उलटी झाली. ती धुरपदानं पुसून काढली. काही जण नाराजही झाले. "निस्ती रंगीत खोकी हायत. ह्यापरीस टीव्ही बरा." पण फाट्यावर गेल्यावर तेच लोक हातवारे करून सांगत की आपण आकाशातून उडून आलो.

म्हस्कूनं तर कहरच केला. त्यानं एसटीच्या थांब्यावर सांगितलं, की मला त्यात माझी वारलेली आय दिसली. झालं! दुसऱ्या सकाळी तीन म्हाताऱ्या डोक्यावर पदर घेऊन ओसरीवर येऊन बसल्या. आपापलं माणूस बघायला. सत्यजीतनं त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुकाट्यानं एकेकीच्या डोक्यावर टोप चढवून त्यानं त्यांना डोंगर दाखवला. दोघी पदर सावरत उठल्या. सोजराबाई मात्र डोळे पुसत बाहेर आल्या. "दिसले," म्हणाल्या. "पन पाठमोरे व्हते."

धुरपदानं त्यांच्या हातात कप दिला. तिला वाटलं, म्हातारीला दिसलं असेल तर असेल. आपल्याला आता दुधाचं बघायला पाहिजे. सकाळचं दूध दुपारीच संपत होतं.

ती स्वतः त्या खोलीत फक्त कप द्यायला आणि कप न्यायला जायची. पहाटे पाण्याला उठायचं, धारा, भाकरी, मग ओसरी. रात्री दौंडहून आलेले पाहुणे उठले की भांडी. अंग म्हणजे ओल्या गोणपाटासारखं झालं होतं. एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. सर्जेरावांनी माणसांदेखत नुसतं बघितलं. ते बघणं तिला दिवसभर पुरलं.

शेजारची इशरत तेवढी मागच्या दारानं यायची आणि हौदाशी बसून कप विसळायची. इशरतचा नवरा रिजवान यवतला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. इलाहीचाचा तिचे सासरे. "अक्का," ती म्हणायची, "तू बघितलंस का गं एकदा तरी?"

"मला काय करायचंय त्यात जाऊन? हितलंच सरंना."

पण एका दुपारी जावं लागलं. दौंडहून सर्जेरावांच्या ओळखीचे चार-पाच जण आले होते, त्यांचं बघून झालं होतं, आणि सत्यजीत दारात येऊन म्हणाला, "वैनी, घरात तुम्ही एकट्याच ऱ्हायल्या. आईनंबी बघितलं. चला."

"दूध हाय चुलीवर."

"मी दारातनं बघते दूध," इशरत हौदापासून म्हणाली.

पाहुण्यांपुढं जास्त ओढाताण बरी नव्हे म्हणून ती आत आली. पदर नीट करून, हातांच्या खुर्चीत अगदी कडेला बसली. सत्यजीतनं टोप चढवला. कानांवर गाद्या बसल्या आणि ओसरीवरचा सगळा गलका एकदम लांब गेला, विहिरीच्या तळातून यावा तसा. "वैनीला पूल नको," तो म्हणाला ते तिला पुसटसं ऐकू आलं, "समुद्र लावतो." समोर निळं काहीतरी पसरलं. हळूहळू हलणारं. लाटांचा आवाज, एकसारखा. दुसरं काहीच नाही. कुणी हाक मारत नव्हतं. मारली असती तरी पोचली नसती.

तिनं पाठ खुर्चीला टेकवली. खूप दिवसांनी टेकवली. डोळे जड झाले, तेव्हा तिनं ते उघडे ठेवायचा प्रयत्न केला, दिराला वाईट वाटेल म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं, की डोळे झाकले तरी ते कुणाला दिसणार नाहीत.

बाहेर फोन वाजला म्हणून सत्यजीत उठून गेला. पाहुणे आपापल्या गप्पांत लागले. थोड्या वेळानं लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला, कॉम्प्युटर टुक् करून काळा पडला. धुरपदा तशीच बसलेली, मान किंचित वर.

"आयला," एक पाहुणा म्हणाला, "लाईट न्हाई तरी वैनींना दिसतंय व्हय?"

सगळे बघायला लागले. सर्जेरावांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चार माणसांत बाई अशी झोपलेली! ते उठले. "ए! उठ की! लाईट गेलीय."

कानांवरच्या गाद्यांतून काहीच आत गेलं नाही. ते खांद्याला हात लावणार, तेवढ्यात दारातून इशरत म्हणाली, "दादा, उठवू नका." ती सहसा त्यांच्याशी बोलत नसे, बोलली तरी खाली बघून. आज मान वर होती. "मी ह्या गल्लीत आले त्याला वर्सं झाली. दिवसाची झोपलेली अक्का मी एकदाबी बघितली न्हाई. झोपू द्या तिला."

सर्जेरावांनी आईकडं बघितलं. बाहेरच्या माणसांसमोर सुनेनं कसं वागावं हे ठरवणाऱ्या विठाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या सुनेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाईर बसा जावा सगळे. हितं उकडतंय."

माणसं बाहेर गेली. इशरतनं परसात तीन दगड मांडून चहा टाकला, कारण त्या घरच्या चुलीपुढं ती आजवर बसली नव्हती. पहिला कप विठाबाईंना नेऊन दिला. त्या क्षणभर कपाकडं बघत राहिल्या आणि प्यायल्या. "साखर कमी टाकतीस तू," एवढंच म्हणाल्या.

धुरपदा उठली तेव्हा दिवे लागले होते. मान आखडलेली, कपाळावर टोपाचा वळ. घर इतकं शांत होतं की तिला आधी वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं. मग समजलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय दिसलं, वैनी?" सत्यजीतनं विचारलं. चेष्टा करावी म्हणून आला होता, पण ती त्याला जमली नाही.

"काय न्हाई," ती म्हणाली. "खरंच काय न्हाई दिसलं, भावजी. लई बरं वाटलं."

सत्यजीतनं बाहेर ओसरीवर जाऊन सकाळपासूनचे कप गोळा केले आणि हौदावर नेले. त्याला विसळता येत नव्हते. एक फुटला.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दौंडच्या बाजारात सर्जेरावांना लोक विचारायचे, "काय चेअरमन, मंडळी उठल्या का?" ते चार दिवस चिडले. पाचव्या-सहाव्या दिवशी ओसरीवर माणसं जमली आणि त्यांनी सवयीनं हाक मारली, "चहा टाका गं!" आतून धुरपदाचा आवाज आला, "थोड्या येळानं." मोठा नव्हता, रागाचाही नव्हता. दमलेला होता. सर्जेरावांनी खिशात हात घालून एका माणसाला फाट्यावरच्या हॉटेलातून चहा आणायला पाठवलं.

तेवढ्यानं सगळं बदललं असं नाही. भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या, धारा तेवढ्याच. सत्यजीत सुट्टी संपल्यावर टोप खोक्यात भरून पुण्याला गेला. दोनेक वर्षांत त्याच्या कॉम्प्युटरला तो चालेनासा झाला असं कुणीतरी म्हणालं. पण दुपारची जेवणं झाली, की धुरपदा धान्याच्या खोलीत जाऊन पोत्यांच्या आडोशाला घोंगडी टाकायला लागली. रोज नाही. जमेल तेव्हा.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कधीतरी ती अशीच पडली असताना उंबऱ्यात सावली आली. विठाबाई होत्या. धुरपदा दचकून उठायला लागली.

"पड, पड," म्हातारी म्हणाली. तिनं काठी भिंतीला लावली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि घोंगडीचा कोपरा ओढला. "सरक जरा तिकडं."