खोपोलीच्या बर्फावर आईचं जातं

आमच्या कर्जत तालुक्यात बर्फ भेटतो तो रसवंतीत, नाहीतर मासळीच्या टोपलीत. आणि मी खेळते व्हीलचेअर कर्लिंग! खुर्चीत बसून, लांब काठीने जड दगड बर्फावरून सरकवायचा आणि समोरच्या गोलात थांबवायचा. उत्तरेतल्या एका वर्गात आठ दिवस शिकले, तेवढाच माझा बर्फ. आता राष्ट्रीय शिबिराच्या निवडीसाठी बर्फावरच्या एका यशस्वी फेकीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत पाठवायचा होता, नाहीतर संधी गेली.

खोपोलीतल्या एका बर्फ कारखान्याच्या मालकांनी शीतगृहाच्या लांब खोलीत पाणी गोठवून दिलं. दगड म्हणून घेतली आईच्या जात्याची वरची तळी, खुंट्यासकट. कित्येक वर्षं छिन्नीने टाकी लावून खाचा न पाडल्याने ती झिजून गुळगुळीत झालेली. आईने बजावलं, "फोडून आणू नको गं, दिवाळीचं बेसन दळायचं हाय."

सकाळी सातला कशेळ्याहून भावाच्या, संतोषच्या, टेंपोने निघालो. खुर्चीवाल्यांसाठी सूचना: उतरायला फळी सोबत ठेवा, आणि कर्जतला वडापाव गाडीवरच खा. हॉटेलांना तीन-तीन पायऱ्या आहेत आणि वडा तोच.

कारखान्यात बर्फाच्या टोकाला कुंकवाने गोल काढला. मोबाइल मालकांच्या हातात. नियम सोपा: फेकताना साथीदाराने मागून खुर्ची घट्ट धरायची. पण माझ्या अपघातापासून नऊ वर्षं संतोष खुर्ची ढकलतच आलाय. मी तळी सरकवली, त्याने सवयीने मला सरकवलं. तळी अर्ध्यात अडली, मी थेट गोलात.

"बसली की नाय मधोमध!" मालक खूश.

"काका, मी नाही, दगड बसायला पाहिजे!"

दुसऱ्या वेळी संतोष खुर्ची सोडून खराटा घेऊन दगडापुढे धावला. मोबाइलवर त्याने पायांवर खेळणाऱ्यांना, दगड लांब जावा म्हणून, तसा बर्फ झाडताना पाहिलेलं. आमच्या खेळात झाडणं नसतंच. माझी खुर्ची उलटी घसरून दारावर आपटली. मला रडूच यायला लागलं. मालकांचा माल यायची वेळ झालेली, आता शेवटचीच फेक.

"संतोष, आज मला कुठंच न्यायचं नाही रं. नुसतं धर."

तो खाली बसला आणि दोन्ही चाकं आवळून धरली. तळी सरकत गेली आणि गोलाच्या आत, अगदी कडेला थांबली. व्हिडिओ तिथूनच पाठवला.

चार दिवसांनी आमच्या दारातल्या उतारावर असताना मेसेज आला. माझी निवड झाली होती! मी ओरडले, "चल आत, आईला सांगू!"

खुर्ची हलेना. मागे वळून पाहिलं, तर संतोष खाली बसून, दोन्ही चाकं धरून रडत होता.

"अरे येड्या, आता ढकल की!"